अमोनियापासून अँड्रोमेडापर्यंत : ग्रीक नावांचा लॅटिन प्रवास

बडोद्याहून अहमदाबादकडे निघालेल्या गाडीला पहिले स्टेशन लागते ते बाजवा. त्याच्या शेजारीच गुजरात स्टेट फर्टिलायझर्सचा खतकारखाना आहे. कंपनी 1962 साली स्थापन झाली आणि 1967 मध्ये उत्पादन सुरू झाले. युरिया असो वा अमोनियम सल्फेट, तिथल्या खतांचा पाया आहे अमोनिया, आणि या वायूच्या नावात एक देव बसलेला आहे.

अम्मोनचे मीठ

हा देव मूळचा इजिप्तचा, आमुन. लिबियाच्या वाळवंटातल्या सीवा इथल्या त्याच्या देवळात लोक कौल घ्यायला जात. ग्रीकांनी त्याला अम्मोन म्हटले आणि झ्यूसचेच रूप मानले. इ. स. पू. 331 मध्ये अलेक्झांडरसुद्धा तिथे कौल घ्यायला गेला होता. पुढे रोमनांनी त्याचा ज्युपिटर अम्मोन केला. त्या भागातून येणाऱ्या क्षाराला लॅटिनमध्ये ‘साल अम्मोनियाकुस’, म्हणजे अम्मोनचे मीठ, असे नाव पडले. मध्ययुगातल्या किमयागारांनी तेच नाव नवसागराला दिले. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात टाकतो तो हाच नवसागर. त्यातून मिळणाऱ्या वायूला 1782 मध्ये टोर्बेर्न बर्गमन या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ‘अमोनिया’ म्हटले.

इजिप्तचा देव ग्रीकांच्या तोंडून लॅटिनमध्ये आणि तिथून जगभरच्या प्रयोगशाळांत पोचला. ग्रीक पुराणातली बहुतेक नावे आपल्याकडे याच वाटेने आली आहेत. आपण त्यांना ग्रीक म्हणतो, पण बहुतेकदा हाती येते ते त्यांचे लॅटिन रूप.

शेपूट बदलते

लेखी मार्गाने आलेल्या नावांचे नियम सोपे आहेत. ग्रीक ‘ओस’चा लॅटिनमध्ये ‘उस’ होतो, म्हणून टांटालोसचा टांटालुस झाला. स्त्रीनामाच्या शेवटचा ‘ए’ पुष्कळदा ‘आ’ होतो, जसे हेलेनेची हेलेना. ‘आइ’चा ‘आए’ होतो, म्हणून आइनेइआस हा आएनेआस झाला, आणि त्याच्यावर व्हर्जिलने रोमचे महाकाव्य उभे केले.

‘क’ मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोमनांनी तो आपल्या ‘सी’ या अक्षराने लिहिला आणि अभिजात काळात त्याचा उच्चार ‘क’च होता. पुढे युरोपीय भाषांत ठरावीक स्वरांपूर्वी तो ‘स’कडे झुकला. इंग्रजीतून तोच उच्चार आपल्याकडे आला आणि किर्के ही जादूगारीण सर्सी झाली, पाताळाच्या दारावरचा कुत्रा केर्बेरोस हा सर्बेरस झाला. मराठी पुस्तकांत दोन्ही रूपे दिसतात. शाळकरी वाचकाला ती दोन वेगळी पात्रे वाटली तर त्यात त्याचा दोष नाही.

मूलद्रव्यांच्या नावांतही लॅटिन शेपूट दिसते. टांटालुसवरून टँटलम आले. त्यातच दडून राहिलेल्या दुसऱ्या धातूला 1844 मध्ये टांटालुसची मुलगी निओबे हिच्यावरून निओबियम म्हटले गेले. बाप आणि लेक निसर्गातही बहुधा एकाच खनिजात सापडतात.

तोंडोतोंडी आलेली नावे

रोमनांनी ग्रीक ग्रंथ हाती घेण्यापूर्वीच काही कथा इटलीत पोचल्या होत्या. व्यापारी आणि कारागीर त्या सांगत, आणि त्यांतल्या अनेक नावांना मध्ये एट्रुस्कन भाषेचा मुक्काम घडला. ही नावे नियमाने बदलत नाहीत, ती जिभेवर झिजतात. हेराक्लेसचा एट्रुस्कनमध्ये हेरक्ले झाला आणि लॅटिनमध्ये हर्क्युलिस. पर्सेफोनेची प्रोसर्पिना झाली. पोलिदेउकेसचा पोलक्स झाला; आपल्या पुनर्वसू नक्षत्रातला एक ठळक तारा तो हाच.

जुन्या लॅटिनला काही जोडाक्षरे पेलत नसत. आपण ‘फिल्म’ची ‘फिलम’ करतो, तसे रोमन लोक मध्ये एक स्वर घालत. वैद्यकाचा देव आस्क्लेपिओस म्हणून आएस्कुलापिउस झाला. मला ही झिजलेली नावे सर्वांत मोलाची वाटतात. कथा ग्रंथांआधी माणसांच्या बोलण्यातून पसरली, याचा पुरावा त्यांत शिल्लक आहे.

देवाच्या जागी देव

तिसऱ्या प्रकारात नाव बदलत नाही, पूर्ण देवच बदलतो. झ्यूसच्या जागी ज्युपिटर, अथीनीच्या जागी मिनर्व्हा, पोसायडनच्या जागी नेपच्यून. ज्युपिटर हे झ्यूसचे भाषांतर नव्हे. तो इटलीचा स्वतःचा देव होता, झ्यूसच्या कथा त्याला नंतर चिकटल्या. इ. स. पू. तिसऱ्या शतकात लिव्हिउस आंद्रोनिकुसने होमरचे ‘ओडिसी’ लॅटिनमध्ये आणले, तेव्हा आरंभीच्या ग्रीक काव्यदेवतेच्या जागी त्याने इटलीच्या झऱ्यांची देवता कामेना हिला हाक मारली.

ग्रहांची जुनी नावे या रोमन देवांची आहेत, पण 1781 मध्ये सापडलेला युरेनस वेगळा. आकाशदेवाला रोमनांचा स्वतःचा शब्द होता काएलुस. तरीही या ग्रहासाठी ग्रीक उरानोस निवडला गेला आणि त्याच्या ‘ओस’चा फक्त ‘उस’ केला.

बडोद्यातला पर्सियस

या साऱ्या नावांशी जवळचा परिचय असलेला एक माणूस बाजव्यापासून जवळच, बडोद्यात राहत होता. अरविंद घोष सातव्या वर्षी इंग्लंडला गेले. तिथे ग्रीक आणि लॅटिनमध्ये त्यांनी नाव काढले, आणि 1893 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत रुजू झाले. बडोदा कॉलेजात त्यांनी फ्रेंच आणि इंग्रजी शिकवले. दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी ते राहिले आणि इथेच मराठी शिकले.

त्यांचे ‘पर्सियस द डिलिव्हरर’ हे इंग्रजी नाटक 1907 मध्ये ‘वंदे मातरम्’च्या साप्ताहिक आवृत्तीत छापले गेले. समुद्रराक्षसाच्या तोंडी दिलेल्या अँड्रोमेडाला पर्सियस सोडवतो, ती ही कथा. इंग्रजी कवींमध्ये मिनर्व्हा-नेपच्यून म्हणण्याची जुनी रीत होती. अरविंदांनी ती बाजूला ठेवली. त्यांच्या नाटकात पॅलस अथीनी आणि पोसायडन आहेत. पण अँड्रोमेडाचे आईबाप असलेल्या राजा-राणीची नावे सिफियस आणि कॅसिओपिया अशी लॅटिन वळणानेच लिहिलेली आहेत. मला ही निवड योग्य वाटते. देव बदलला की कथेचा अर्थ बदलतो, वर्णलेखन बदलले तर तो बदलत नाही.

आकाशातले तेच कुटुंब

हे चौघे आकाशातही शेजारी आहेत, आणि तिथे लॅटिन व्याकरण आजही वापरात आहे. ताऱ्याला नाव देताना तारकासमूहाची षष्ठी लावतात: डेल्टा सेफेई म्हणजे सिफियसचा डेल्टा. जॉन गुडरिकला 1784 मध्ये या ताऱ्याचे तेज कमीजास्त होताना दिसले. त्यावरून अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. 1923 मध्ये खगोलशास्त्रज्ञ हबलला अँड्रोमेडा दीर्घिकेत एक सेफीड सापडला, आणि त्यावरून ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे ठरले. बापाच्या नावाच्या ताऱ्याने मुलीचे अंतर मोजून दिले.

मराठी खगोल-लेखकांनी इथे रोमनांसारखेच केले, सबंध कुटुंबाच्या जागी दुसरे कुटुंब आणले. पर्सियस झाला ययाती, अँड्रोमेडा देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा आणि सिफियस वृषपर्वा. नाती मात्र जुळत नाहीत. कॅसिओपिया ही सिफियसची राणी, तर शर्मिष्ठा वृषपर्व्याची मुलगी. आणि देवयानी शुक्राचार्यांची, वृषपर्व्याची नव्हे. आकाश दाखवताना शर्मिष्ठा-देवयानी जरूर म्हणावे, ती नावे आता मराठीत रुजली आहेत. पण पर्सियसची गोष्ट सांगताना ययाती मध्ये आणू नये. ग्रीक कथा लिहायला घेतली तर झ्यूस, अथीनी, पोसायडन शेवटपर्यंत ठेवावेत; ज्युपिटर आणि मिनर्व्हा यांना रोमच्या गोष्टीतच जागा द्यावी.