वऱ्हाडचे कागद आणि चार गावांची मंडळे

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिजखानाला हरवले आणि दख्खनेत आसफजाही राज्याचा पाया घातला. पुढे १८५३ च्या तहाने बुलढाण्यासह वऱ्हाड इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राजधानी बदलली की दप्तरही बदलले. म्हणून इथल्या एका गावाचा इतिहास लिहायचा, तर हैदराबाद, नागपूर, मुंबई, पुणे अशी चार शहरे गाठावी लागतात.

कागदही एकट्याला उलगडणारा नसतो. कागद बांधलेल्या रुमालाची गाठ सोडावी, तर सनदेच्या माथ्यावर फारसी शिक्का, खाली शब्द न तोडता लिहिलेली मोडी आणि साल फसली. याच जिल्ह्यातल्या मेहकर-लोणारला महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांचा वावर होता. त्यांच्या पंथाच्या पोथ्या तर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिलेल्या. एवढे सगळे एका माणसाला कसे यावे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याचे उत्तर संशोधन मंडळांनी दिले. पुण्यात वि. का. राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. राजवाडे गेल्यावर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. यवतमाळात य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम चालवला. त्यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ चे. नागपूरचे मध्यप्रांत संशोधन मंडळ पुढे विदर्भ संशोधन मंडळ झाले.

या जाळ्यात बुलढाण्याचा धागा म्हणजे यादव माधव काळे. त्यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' १९२४ मध्ये निघाला. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर त्यांनी संपादिली, ती नागपूरच्या मंडळाने १९३६ मध्ये छापली. बुलढाण्याच्या माणसाचे संपादन आणि नागपूरच्या मंडळाचे प्रकाशन, हीच त्या काळची खरी भागीदारी. सरकारी बाजूने १९१९ चा भारतीय ऐतिहासिक अभिलेख आयोग होता. त्याचे १९२८ चे अधिवेशन नागपुरात भरले आणि खासगी संग्राहक, अभ्यासक व दप्तरखान्याचे अधिकारी एका मांडवाखाली आले. जागतिक पातळीवर अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय परिषद ही संस्था मात्र १९४८ ची. आपल्याकडची मंडळे त्याआधीपासून कामाला लागली होती, याचा अभिमान वाटायलाच हवा.

त्या पिढीने छापील साधने दिली. या मंडळांनी आणि राज्य पुराभिलेखागाराच्या मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या कार्यालयांनी आता एकत्र बसावे ते गावनिहाय यादीसाठी. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा: प्रत्येक नावापुढे कुठल्या शहरात कुठला रुमाल, लिपी कोणती, साल कोणते, एवढे चार रकाने भरावेत. हैदराबादच्या फारसी दप्तराची नोंद त्यात आली, तर साखरखेर्ड्याच्या लढाईचे मराठी व फारसी कागद शेजारी ठेवून वाचता येतील.