किनारपट्टी आणि गळपट्टा

दोन आठवडे. समुद्राकाठचं दगडी घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट अटलांटिक. भाडं? शून्य!

अटी दोनच. मिलो नावाच्या चॉकलेटी लॅब्रेडॉरला दिवसातून दोनदा दमेपर्यंत फिरवायचं, आणि घरातल्या म्हाताऱ्या मांजरीला रोज रात्री चीजच्या तुकड्यात लपवून गोळी द्यायची. चीज फस्त करून गोळी तेवढी अलगद फरशीवर ठेवायची, ही या बाईसाहेबांची खासियत!

याचं नाव हाऊस अँड पेट सिटिंग. मालक सुटीवर जातात, तुम्ही त्यांचं घर राखता, त्यांच्या मुक्या लेकरांना जीव लावता. पैसे कोणी कोणाला देत नाही. ब्रिटनमध्ये हा प्रकार जोरात आहे. गाठ घालून देणाऱ्या वेबसाइट्स वर्षाची वर्गणी घेतात, व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडचे एकमेकांना पारखतात, आणि जमलं की किल्ली तुमच्या हातात. आम्ही दोघं राहतो रेडिंगला. जूनमध्ये आमच्या वाट्याला आलं कॉर्नवॉल, म्हणजे इंग्लंडचं नैऋत्येला समुद्रात घुसलेलं टोक.

थांबा, एक रेड सिग्नल! भारतातून व्हिजिटर व्हिसावर येणार असाल तर हे करू नका. त्या व्हिसावर बिनपगारी कामही चालत नाही, आणि राहण्याच्या बदल्यात घर राखणं हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याला कामच वाटू शकतं. इथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क असलेला भाचा, पुतणी, मैत्रीण असेल तर त्यांना हा लेख जरूर फॉरवर्ड करा.

आता पट्टा हातात घ्या. मिलो दारात उभा आहे.

माहीत आहे का, या किनाऱ्यावरची पायवाट कोणामुळे झाली? स्मगलर्समुळे! चोरटा माल उतरवणाऱ्यांवर नजर ठेवायला कोस्टगार्डचे शिपाई कड्यावरून गस्त घालायचे, आणि प्रत्येक खाचेत, प्रत्येक घळीत डोकावायचा त्यांना हुकूम होता. म्हणून ही वाट सरळ जातच नाही. समुद्र आत शिरला की तीही शिरते, कडा बाहेर आला की तीही बाहेर येते. आज तिचं नाव साऊथ वेस्ट कोस्ट पाथ. लांबी ६३० मैल, म्हणजे सुमारे १०१४ किलोमीटर. कॉर्नवॉल हा तिचा मधला तुकडा. संपूर्ण वाटेवरचा चढ मोजला तर जवळपास चार एव्हरेस्ट भरतात. समुद्रकाठानं चालत चार एव्हरेस्ट!

मिलोला रोज त्यातलं अर्धं टेकाड पुरायचं. आमच्या पोटऱ्यांनाही.

वास येतोय? खोबरेल तेलाचा? नारळाचं झाड तर हजारो मैलांत नाही! हा वास आहे गॉर्स नावाच्या काटेरी झुडपाच्या पिवळ्याधमक फुलांचा. उन्हात तापली की कडाभर असा घमघमाट सुटतो, जणू कोणी आजी नातीच्या केसांना तेल लावत बसली आहे. पहिल्या सकाळी मी वाटेतच थांबले आणि चक्क झुडपाला नाक लावलं. काटे टोचले, पण परकर-पोलक्याचे दिवस आठवले.

आणि ती घराघरांपुढची पामची झाडं? ती पाम नव्हेतच. न्यूझीलंडहून आणलेली कॉर्डिलाइन! समुद्रामुळे इथला हिवाळा सौम्य, म्हणून रुजली आणि कॉर्नवॉलच्या पोस्टकार्डांवर जाऊन बसली.

भरतीची गोष्ट ऐका. इथे रोज दोनदा भरती निघते, अर्ज करावा लागत नाही! पण वेळापत्रक पाठ हवं, कारण सकाळी मैदानाएवढी पसरलेली वाळू दुपारी गायब होते. आमच्या कोकणातल्या कोळ्यांचा हिशोब तुम्हाला माहीत असेलच: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ काढा. अमावास्या-पौर्णिमेला कोकणात बाराच्या सुमारास भरती असते. माहीत आहे का, त्याच पौर्णिमेला कॉर्नवॉलच्या पेन्झन्सला भरती येते पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास? चंद्र एकच, घड्याळं दोन! लाट महासागरातून प्रत्येक किनाऱ्याला आपल्या सवडीनं पोचते. पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचला पाणी पायऱ्यांना लागलं तेव्हा मी टाळ्याच वाजवल्या. मिलोनं भुंकून अनुमोदन दिलं.

पेन्झन्सच्या शेजारी न्यूलिन हे मासेमारीचं बंदर आहे. तिथल्या धक्क्याच्या टोकाला एक छोटीशी खोली, आत पितळेची एक खूण. माहीत आहे का, ब्रिटनच्या मुख्य भूमीच्या नकाशावरची प्रत्येक उंची इथून मोजलेली आहे? १९१५ ते १९२१ या काळात इथे समुद्राच्या पातळीची नोंद ठेवली, तिची सरासरी काढली आणि तिलाच शून्य मानलं. स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस शिखराची १३४५ मीटर उंचीसुद्धा या कोळीवाड्याच्या शून्यावर उभी आहे. मासळीबाजाराच्या वासात देशाचं शून्य!

सेंट मायकल्स माउंट बघायला मात्र मिलोला घरी ठेवून गेलो. समुद्रातलं बेट, वर किल्ला, आणि ओहोटीला उघडणारी दगडी वाट. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी ओहोटीत चालत गाठला आहे त्यांना वेगळं काही सांगायलाच नको. वाट बुडाली की होडी.

आता सीट बेल्ट बांधा, मुंबईला जायचंय!

पोर्थकर्नो. दोन कड्यांच्या मध्ये पांढुरकी वाळू, हिरवंनिळं पाणी, वर दहा-पंधरा घरं. माहीत आहे का, १८७० मध्ये याच वाळूतून एक तार समुद्रात उतरली आणि तिचं दुसरं टोक होतं आपल्या मुंबईत? पोर्थकर्नो, पोर्तुगाल, जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, मग सुवेझ, एडन आणि मुंबई. मुंबई-एडन हा टप्पा घातला 'ग्रेट ईस्टर्न' या त्या काळातल्या सर्वांत मोठ्या जहाजानं. तांब्याच्या तारेला वेष्टण होतं गटापर्चाचं, म्हणजे आग्नेय आशियातल्या झाडाच्या चिकाचं. ज्या निरोपाला बोटीनं आठवडे लागायचे तो मिनिटांत पोचू लागला.

आधी ही तार फॅल्मथ बंदरात आणायचं ठरलं होतं, बरं का! पण तिथे जहाजांची गर्दी. एखाद्याचा नांगर अडकला की तार तुटलीच! म्हणून हा आडबाजूचा किनारा निवडला. आणि आडगाव जगाच्या मध्यावर आलं. दुसऱ्या महायुद्धात इथलं तारकेंद्र वाचवायला कॉर्निश खाणकामगारांनी डोंगरात बोगदे खणले. आज त्या बोगद्यांत संग्रहालय आहे.

थांबा, पिक्चर अभी बाकी है. १९९०च्या दशकात फ्लॅग नावाची फायबर-ऑप्टिक केबल समुद्रात घातली गेली, ब्रिटनपासून जपानपर्यंत. तिचं ब्रिटनमधलं टोक कुठे? पोर्थकर्नो. वाटेत ती कुठे लागते? मुंबईत! मी त्या वाळूत बसून ठाण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. मिलो खड्डा खणत होता. आई म्हणाली, "अगं, त्याला आवर, तार तोडेल!"

मान वर करा. त्याच कड्यावर, समुद्राच्या डोक्यावर, चक्क नाट्यगृह! मिनॅक थिएटर. रोवेना केड नावाच्या बाई. घर त्यांचं, बाग त्यांची, आणि बागेच्या खाली उतरत जाणारा ग्रॅनिटचा कडा. १९३२ मध्ये त्यांनी तिथे शेक्सपिअरचं 'द टेम्पेस्ट' घडवून आणलं, मोटारींच्या हेडलाइट्सच्या उजेडात. वादळाच्या नाटकाला समोर खराखुरा समुद्र! मग पन्नासएक वर्षं त्या आपल्या माळ्याला हाताशी घेऊन बांधतच राहिल्या. किनाऱ्यावरची वाळू स्वतः वाहून वर आणायच्या, काँक्रीट घालायच्या आणि ते ओलं असतानाच जुन्या स्क्रूड्रायव्हरनं त्यावर नक्षी आणि नाटकांची नावं कोरायच्या. मी एका आसनावरच्या रेघेत बोट घालून पाहिलं. नखभर खोल, जरा वाकडी, शेवटी थोडी दाबलेली. हात उचलताना जोर दिला असणार. मला त्या वाकड्या रेघेला नमस्कार करावासा वाटला, आणि केलाही.

भूक लागली? पेस्टी खा! दिसायला थेट आपली करंजी, फक्त तळहाताएवढी मोठी. कडेला मुरडही आपल्यासारखीच. माहीत आहे का, 'कॉर्निश पेस्टी' या नावाला २०११ पासून युरोपचा भौगोलिक दर्जा आहे? आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, मुरड कडेलाच, आत बीफ, बटाटा, कांदा आणि स्वीड हा सलगमाचा चुलतभाऊ. गाजर घातलं की नापास! सारण कच्चंच भरतात आणि भट्टीत सावकाश शिजू देतात. बीफ खात नसाल तर चीज-कांद्याची मिळते. आणि मेक्सिकोतल्या हिडाल्गो राज्यात गेलात तर 'पास्ते' मागा. तीच पेस्टी, आत मिरची! कॉर्निश खाणकामगार तिकडे चांदीच्या खाणीत गेले आणि डबा मागे ठेवून आले.

ते कुठे नाही गेले? 'केजीएफ' पाहिलाय ना? त्या खऱ्याखुऱ्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्निश खाणकामगार उतरले होते.

कारण घरची विद्या. बोटालॅकला कड्याच्या पार खालच्या टप्प्यावर, लाटांच्या तोंडावर दोन दगडी इंजिनघरं चिकटून उभी आहेत. आमच्या घरापासून अर्ध्या तासाची चाल. कथिल आणि तांब्यासाठी इथल्या बोगद्यांनी जमीन संपल्यावरही खणणं थांबवलं नाही, ते समुद्राच्या तळाखाली गेले. शेजारच्या लेव्हंट खाणीचे बोगदे तर किनाऱ्यापासून दीड किलोमीटरहून पुढे. वादळात डोक्यावर, समुद्राच्या तळाशी, शिळा गडगडताना ऐकू यायच्या. २००६ पासून हा सगळा खाणमुलूख युनेस्कोच्या यादीत आहे.

लेव्हंटमध्ये कामगारांना वर आणायला 'मॅन इंजिन' होतं. खोल विहिरीत वर-खाली हलणारा लांबच लांब दांडा, त्याला पायऱ्या. दांडा वर आला की भिंतीतल्या फळीवर पाय टाकायचा, तो खाली गेला की समोर आलेल्या त्याच्या पुढच्या पायरीवर. असं एकेक पाऊल करत उजेडात यायचं. २० ऑक्टोबर १९१९ रोजी पाळी संपवून माणसं वर येत असताना वरचा जोड तुटला. ३१ जण गेले. आजूबाजूच्या एवढ्याशा गावांतले ३१. तिथे मिलोचा पट्टा जवळ धरून आम्ही थोडा वेळ काहीच बोललो नाही.

मग वरून शीळ आली. 'चिआऊ!' कावळाच, पण चोच लाल आणि पायही लाल. हा चफ, कॉर्नवॉलच्या राजचिन्हावरचा पक्षी. लडाख-स्पितीला गेलेल्यांनी पाहिला असेल, हिमालयात तो भरपूर आहे. माहीत आहे का, कॉर्नवॉलमधला शेवटचा चफ १९७३ मध्ये मेला? चिन्हावर होता, आभाळात नव्हता! आणि २००१ मध्ये कोणी न आणता काही चफ आपले आपण उडत आले, लिझर्डच्या कड्यांवर उतरले, पुढच्या वर्षी पिल्लंही झाली. आमच्या डोक्यावर पाच होते. पाच!

लिझर्ड म्हणजे पाल-सरडा नव्हे हं. ब्रिटनच्या मुख्य भूमीचं सर्वांत दक्षिणेचं टोक ते. तिथला सर्पेंटाइन दगड हिरवा-लाल, सापाच्या कातडीसारखा, आणि मूळचा समुद्रतळाच्याही खालचा. तुम्ही उभे असता पृथ्वीच्या तळघरावर! तिथून जवळच पोल्धू. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीच्या माणसांनी इथून तीन टिंबं हवेत सोडली, मोर्समधलं 'एस', आणि अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला मार्कोनीनं ती ऐकली. एका किनाऱ्यावर तार, दुसऱ्यावर बिनतारी. कॉर्नवॉलला बोलायची भारी हौस!

पेट-सिटर्स, तुमच्यासाठी खास. उन्हाळ्यात इथल्या बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसा कुत्र्यांना मज्जाव असतो, दारातली पाटी वाचूनच वाळूत उतरा. गळपट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता हवाच, तो कायदा आहे. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना मायक्रोचिप २०१६ पासून सक्तीची, मांजरांना २०२४ पासून. वाटेवर उन्हं खात पडलेला ॲडर दिसला तर पट्टा आखडा. ब्रिटनचा हा एकमेव विषारी साप, आपल्या घोणसाच्या कुळातला. आणि सील दिसले तर लांबूनच बघा. घाबरून ते खडकावरून पाण्यात झेपावतात आणि जखमी होतात.

गावाचं नाव लिहिलंय माऊसहोल. उच्चार? मावझल! आणखी एका गावाचं नाव फोवी नव्हे, फॉय. मावझलला २३ डिसेंबरला 'स्टारगेझी पाय' करतात. त्यात माशांची डोकी पिठाच्या पापुद्र्यातून बाहेर येऊन आभाळ बघत असतात. आम्ही जूनमध्ये होतो, त्यामुळे फक्त फोटो पाहिला. मांजरीनंही पाहिला, बराच वेळ.

आणि आता माझा सगळ्यात आवडता खजिना. फेब्रुवारी १९९७. 'टोकियो एक्स्प्रेस' या मालवाहू जहाजाला लँड्स एंडजवळ अजस्र लाटेनं तडाखा दिला आणि ६२ कंटेनर समुद्रात पडले. त्यातल्या एकात होते लेगोचे ४७ लाखांहून जास्त तुकडे. माहीत आहे का, त्यातले बरेचसे निघाले समुद्रावरच्या खेळांचे? इवल्याशा पाणबुड्यांचे फ्लिपर, लाइफ जॅकेट, ऑक्टोपस! आजही वादळानंतर लोक वाळूत ते वेचतात. काळा ऑक्टोपस मिळाला की समजा लॉटरी.

तेरा दिवस आम्ही भरतीरेषेवर वाकून चाललो. दोरीचे तुकडे, खेकड्याचे पाय, एक गुलाबी चमचा. चौदाव्या सकाळी मिलोनं समुद्रशेवाळाच्या ढिगात नाक खुपसलं ते बाहेर काढेचना. मी शेवाळ बाजूला केलं. खाली निळा, नखाएवढा फ्लिपर. एकच, जोडीतला.

घासून धुतला आणि मालकांसाठी स्वयंपाकघराच्या खिडकीत, अटलांटिककडे टोक करून ठेवला. शेजारी चिठ्ठी: "हा मिलोनं शोधला. दुसरा पाय अजून बाहेरच आहे."