खडीच्या अंगणांतील तण

अंगणांत खडी पसरली म्हणजे चिखल गेला, सारवणें गेलें आणि गवतहि गेलें, अशी अनेक गृहस्थांची समजूत असते. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्याच खडींतून हिरवे कोंभ डोकावूं लागतात आणि मग गवंड्याला बोल लावला जातो. वस्तुतः दोष त्याचा क्वचितच असतो. वाऱ्यानें आलेली धूळ आणि कुजलेला पाला खडीच्या सांदींत साचून तेथें नवीच माती तयार होते. बियांचें तण बहुधा या वरच्या मातींत रुजतें. म्हणूनच खालीं प्लॅस्टिक अंथरूनहि फार दिवस निभावत नाहीं; उलट त्यावर पाणी मात्र तुंबतें. खरा उपाय म्हणजे पडलेला पाला रोज उचलणें आणि आठवड्यांतून एकदां दांताळ्यानें खडी हालविणें. नुकतें रुजलेलें रोप तेवढ्यानेंहि उखडून वाळतें.

दुधी, टाकळा, कंबरमोडी हीं बियांवर वाढणारीं तणें. आषाढांत जमीन ओली असतां, फुलण्यापूर्वीं, तीं मुळासकट सहज निघतात. हरळी व लव्हाळा यांची गोष्ट निराळी. आपल्या कोशकारांनीं दूर्वेला ‘शतपर्विका’ म्हटलें तें उगाच नव्हे. तिचें जें पेर जमिनीला टेकेल त्याला मूळ फुटतें. ती शेजारच्या हिरवळींतून सरकत येत असेल तर कडेला वीतभर खोल विटा उभ्या पुराव्या. लव्हाळ्याची पात कितीहि ओढली तरी खालची गांठ जागेवरच राहते, आणि एका गांठीला दुसरी जोडलेली असते. शाकुंतलांत रानडुकरें मुस्ता उकरतात. ती मुस्ता याच कुळांतली. आपणांसहि तोच वराहमार्ग पत्करावा लागतो! खडी बाजूस सारून खुरप्यानें गांठीपर्यंत खणावें, नवी पात दिसतांच पुन्हां खणावें. एका पावसाळ्यांत हें काम संपत नाहीं.

एवढा खटाटोप कशाला, औषध फवारावें, असें कोणी म्हणेल. माझा यास स्पष्ट विरोध आहे. विषाला औषध म्हणणें हेंच मुळीं फसवें. ग्लायफोसेट हें प्रसिद्ध तणनाशक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१५ सालीं ‘माणसांत कर्करोग उत्पन्न करण्याचा संभव’ असलेल्या पदार्थांत घातलें. यावर मतभेद आहेत हें खरें; परंतु ज्या खडींत नातवंडें अनवाणी खेळतात आणि रांगतें मूल खडा तोंडांत घालतें, तेथें आपण त्या वादाचा निकाल लावूं नये. मिठाचा उपायहि टाळावा. तें पावसाबरोबर विहिरीकडे व तुळशीच्या मुळांकडे जातें. उकळतें पाणी ओतल्यास कोवळीं रोपें मरतात, गांठी मरत नाहींत.

गाजरगवताविषयीं विशेष सावध असावें. १९५५ च्या सुमारास तें पुण्यांत प्रथम नजरेस आलें आणि पुढें देशभर पसरलें. एकेक झाड हजारों बिया टाकतें. त्याच्या स्पर्शानें कित्येकांच्या त्वचेवर चट्टे उठतात, परागानें दमा बळावतो. तें फुलापूर्वींच हातमोजे घालून उपटावें. तण काढण्याचें काम धाकट्या सुनेच्या माथीं मारण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि हाताला खाज सुटली तरी ती बिचारी बोलत नाहीं. पुरुषांनीं रविवारीं तासभर खुरपें हातीं घेतल्यास कांहीं बिघडणार नाहीं.

हरळी व आघाडा एखाद्या कुंडींत अवश्य राखावा. भाद्रपदांत पत्रीसाठीं धांवाधांव करावी लागत नाहीं. उपटलेली हरळी मात्र खताच्या खड्ड्यांत तशीच टाकूं नये. ऊन पडेल तेव्हां गच्चीवर पसरून खडखडीत वाळवावी.