आजोबा लॅपटॉपची दोन दुखणी

दोस्तांनो, १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय का? तेव्हा तुम्ही फारच छोटे असाल, तर ताई-दादाला विचारा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईतली वीज एकाएकी गेली. लोकलगाड्या रुळांवर जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुंबई विद्यापीठाला त्या दिवशीच्या ऑनलाइन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. दिवस टाळेबंदीचे होते. शाळा मार्चपासून बंद आणि वर्ग सगळे पडद्यावर. म्हणजे आपल्या घाटकोपरात पंतनगरपासून भटवाडीपर्यंत ज्या ज्या घरात तेव्हा तास चालू होता, तिथून बाई बोलता बोलता गायब!

आता गंमत पाहा. ज्यांच्या लॅपटॉपची बॅटरी धडधाकट होती त्यांचा पडदा चालूच राहिला, पण तास मात्र गेला. असं का? कारण वाय-फाय देणारा राउटर भिंतीतल्या विजेवर चालतो. आणि ज्यांचा लॅपटॉप बाबांनी सात वर्षं वापरून खाली दिलेला होता, त्यांचा पडदासुद्धा दिवा विझावा तसा विझला.

आज वर्ग पुन्हा शाळेत भरतात. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, सीईटीचा फॉर्म, सराव परीक्षा, विज्ञानाचा प्रकल्प या सगळ्यासाठी लॅपटॉप लागतोच. जुनी पुस्तकं आणि जुनी सायकल धाकट्याकडे येते, तसा तोही आपल्याकडे येतो. असा हा आजोबा लॅपटॉप. बुद्धी अजून शाबूत, पण दोन दुखणी कायमची : वाय-फाय नीट पकडत नाही आणि चार्जर काढला की दम लागतो. दुकानदार म्हणतो, "आता नवीनच घ्या." थांबा! बाबांनी पाकीट काढण्याआधी आपण जरा वैद्यकी करून पाहू.

आधी लाटेची ओळख

वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी. फक्त फार आखूड. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीच्या थोडी पुढे. ५ गिगाहर्ट्झची त्याहून निम्मी. अशा आखूड लहरींशी आपल्या देशाचं जुनं नातं आहे, बरं का! १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी या जातीच्या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. लहरींवर प्रयोग करताना त्यांनी एकदा काय वापरलं, सांगा पाहू? रेल्वेच्या वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक! त्याच्या पानांमध्ये धातूचा पातळ पत्रा घातला की विशिष्ट दिशेने डोलणाऱ्या लहरीच पलीकडे जात. लोकलच्या वेळापत्रकावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे ऐकून बरं वाटायला हवं.

या प्रयोगात आपल्या कामाची गोष्ट दडलेली आहे. धातू या लहरींना अडवतो, परतवतो. पाणी त्यांना पिऊन टाकतं. आता आपल्या घरात राउटर कुठे ठेवलाय ते आठवा. लोखंडी कपाटाच्या वर? टीव्हीच्या मागे? की मोरीवरच्या माळ्याखाली, जिथे डोक्यावर पाण्याची टाकी आहे? असल्फ्याच्या टेकडीवरची घरं, ज्यांच्या भिंती २०१८ साली रंगवल्या गेल्या आणि मेट्रोतून लोक वाकून वाकून बघू लागले, तशा वस्तीत घराला पत्रा असेल तर तो पत्रा म्हणजे लहरींचा आरसाच. नव्या इमारतीत भिंतीत लोखंडी सळ्या. राउटरची ताकद ती केवढी! साधारण एक दशांश वॅट. घरातला एलईडी दिवा नऊ वॅटचा असतो. म्हणजे दिव्याच्या नव्वदाव्या हिश्श्यात त्याला घरभर पोचायचंय.

म्हणून पहिला उपाय फुकटचा : राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्यात. मायक्रोवेव्ह ओव्हनपासून दूर, कारण तोही २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास काम करतो.

पण दोष राउटरचा की आजोबांचा, हे कसं ओळखायचं? लॅपटॉपच्या शेजारी मोबाइल ठेवा. दोघांच्या वाय-फायच्या कमानी मोजा. मोबाइलला सगळ्या आणि लॅपटॉपला एकच, तर दुखणं लॅपटॉपचं. दोघांनाही एकच, तर दुखणं जागेचं. घराचा नकाशा वहीत काढा आणि कोपऱ्या-कोपऱ्यात आकडे लिहा. सिग्नल मोजणारं ॲप असेल तर ते उणे आकडे दाखवतं. उणे ५० म्हणजे छान, उणे ८० म्हणजे रडकथा. दिसायला फरक तीसचा, पण दर दहाला ताकद दहापट घटते, म्हणजे उणे ८० ला ती उणे ५० च्या हजाराव्या भागाइतकीच उरते!

धीमी लोकल आणि मेट्रो

घाटकोपर स्टेशनच्या पुलावर उभं राहिलं की दोन्ही दिसतात. २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे धीमी लोकल. लांबवर जाते, भिंती ओलांडते, पण गर्दी मरणाची. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे मेट्रो. वेगवान, मोकळी, पण २०१४ साली सुरू झालेली आपली मेट्रो जशी वर्सोव्यापर्यंत ११.४ किलोमीटर धावून थांबते, तशी हीसुद्धा एक-दोन भिंतींत दमते. आणि पुष्कळशा जुन्या लॅपटॉपना मेट्रोत प्रवेशच नाही. त्यांच्या वाय-फाय कार्डाला २.४ एवढंच ठाऊक. घरी नवा राउटर आणला, महागडा प्लॅन घेतला, तरी आजोबा धीम्या लोकलमध्येच लटकणार!

त्या लोकलमधली गर्दी पाहायची असेल तर वाय-फायची यादी उघडा. दाटीवाटीच्या इमारतीत तीस-चाळीस नावं सहज दिसतात. २.४ मध्ये एकमेकांच्या अंगावर न येणारी सोयीची चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शेजारी सगळे ६ वर असतील तर बाबांना सांगून आपला राउटर १ किंवा ११ वर न्यायचा.

कार्ड जुनं असेल तर यूएसबीत खोचायचा, दोन्ही बँड पकडणारा डोंगल काही शे रुपयांत मिळतो. आजोबांना मेट्रोचं तिकीटच म्हणा ना! आणखी एक जागा तपासा. लॅपटॉपचा अँटेना असतो कुठे? खालच्या भागात नव्हे, बहुतेक वेळा पडद्याच्या कडेला, झाकणात. तिथून बारीक तारा बिजागरीतून खालच्या कार्डाकडे येतात. झाकण हजारो वेळा उघडून-मिटून त्या झिजतात. झाकण पुढे-मागे केल्यावर सिग्नल कमीजास्त होत असेल, तर चोर सापडला. हे काम मात्र दुरुस्तीवाल्याचं, तुमचं नव्हे.

आणि आता आजोबांची खरी ऐट. जुन्या लॅपटॉपला कडेला एक चौकोनी खाच असते, लॅनची. नव्या चपट्या लॅपटॉपना बहुधा ती नसतेच! राउटरपासून सरळ केबल ओढून त्यात लावा. ना गर्दी, ना भिंत, ना पाण्याची टाकी. अर्जाचा शेवटचा दिवस असेल किंवा ऑनलाइन परीक्षा असेल, तर माझं मत विचाराल तर वाय-फायच्या नादी लागूच नका. केबल लावा. दिसायला बावळट, पण वेळेला हीच उपयोगी पडते.

दम का लागतो?

या दोन दुखण्यांचं आपसात साटंलोटं आहे. सिग्नल क्षीण असला की वाय-फाय कार्ड तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवत बसतं, आणि तेवढी वीज जास्त खातं. उलट, चार्जर काढला की काही लॅपटॉप वीज वाचवायला वाय-फायचा जोर कमी करतात. "चार्जरवर नीट चालतं आणि बॅटरीवर अडखळतं" अशी तक्रार असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये हे बदलता येतं. तरी सगळ्यात मोठा खादाड म्हणजे पडदा. त्याचा उजेड निम्मा करा आणि फरक पाहा.

लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन जातीची. १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आली आणि २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिच्या तीन जनकांना मिळालं. त्यातले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. (आमच्या आजोबा लॅपटॉपने यातून धीर घ्यावा!) आत काय चालतं? कबड्डी! लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि परत येतात. चार्ज करताना एका दिशेने, वापरताना उलट. पण दर फेरीत काही गडी पलीकडे पकडले जातात ते कायमचे. काही शे फेऱ्यांनंतर संघच छोटा होतो. उष्णतेत तर गडी आणखी भराभर बाद होतात. म्हणून लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवायचा नाही, खालची हवेची भोकं बुजतात. दिवसरात्र १०० टक्के चार्जवर लावून ठेवणंही बॅटरीला मानवत नाही. पुष्कळ लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती शोधा.

विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यात दोन आकडे बघा : डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. समजा पहिला ४८ वॅट-तास आणि दुसरा १८. लॅपटॉप १२ वॅट खात असेल, तर नवा असताना तो ४८ भागिले १२, म्हणजे ४ तास चालायचा. आता १८ भागिले १२, म्हणजे दीडच तास. एवढ्यावर भागत असेल तर तसंच चालवा. भागत नसेल तर बॅटरी बदला, लॅपटॉप नको. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर घाटकोपरातल्याच दुकानात, पण जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवूनच घ्या. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेली "नवी" बॅटरीही म्हातारी झालेली असते, तेव्हा तिची तारीख विचारा. घरच्या विजेचा भरवसा नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएसही मिळतो. १२ ऑक्टोबरला तो ज्यांच्याकडे होता त्यांचा राउटर तरी विझला नसणार.

आता आईबाबांनी नीट वाचायचा भाग. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय? झाकण पूर्वीसारखं मिटत नाही? खालचं कव्हर फुगलंय? मग बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जर काढा, पुन्हा लावू नका. दाबून बसवायचा प्रयत्न नको, टोचणं तर मुळीच नको, आत पेट घेणारं द्रव्य असतं. दुरुस्तीवाल्याकडून ती काढून घ्या. काढलेली बॅटरी सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, कारण कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आग लागू शकते. २०२२ च्या नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर आहे. तेव्हा नवी बॅटरी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानात आधीच विचारा. नाही म्हणाले, तर ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात नेऊन द्या. तोवर ती घरात ठेवावी लागली, तर उन्हात नको आणि गॅसजवळ तर नकोच.