चौकी घेणं आणि चौकी राखणं

माझ्या नातवाला राग आलाय. 'द लास्ट ऑफ अस ऑनलाइन' या गेमची तो वाट पाहत होता. नॉटी डॉग या अमेरिकन कंपनीनं १४ डिसेंबर २०२३ रोजी तो रद्द केला. "आजोबा, वर्षानुवर्षं बनवलेला गेम असा टाकून कसा देतात?"

कधी गेमच जमत नाही. ब्लिझार्डचा 'टायटन' सात वर्षं रखडला, खेळताना मजा येईना, २०१४ मध्ये बंद केल्याचं जाहीर झालं. त्यातल्याच कल्पनांतून पुढे 'ओव्हरवॉच' निघाला, ते वेगळं.

नॉटी डॉगची अडचण मात्र आम्हा फौजींना चटकन कळेल. उंचावरची चौकी ताब्यात घेणं एक. खिंड बर्फानं बंद होण्याआधी तिथं अख्ख्या हिवाळ्याचं रेशन अन् केरोसीन चढवणं दुसरं. ऑनलाइन गेमही विकला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. सर्व्हर चालू ठेवा, फसवून खेळणाऱ्यांवर पहारा ठेवा, सतत नवे नकाशे, नव्या मोहिमा द्या. कंपनीनं स्पष्टच सांगितलं: यासाठी पुढची कित्येक वर्षं सगळा स्टुडिओ जुंपावा लागेल, आणि ज्या कथाप्रधान गेममुळे आमचं नाव झालं, ते मागे पडतील.

"मग हा हिशेब आधी का नाही केला?" नातू सोडत नाही. पोराचं चुकलं नाही. पण त्यांच्याच सांगण्यानुसार, गेम चांगला रंगत होता. पूर्ण ताकदीनं निर्मितीला लागायची वेळ आली, तेव्हा पसारा केवढा ते दिसलं.