सायनोॲक्रिलेट चिकटद्रव्याची साठवण

सायनोॲक्रिलेट हे काही सेकंदांत घट्ट होणारे द्रवरूप चिकटद्रव्य आहे. भारतात ते 'फेव्हिक्विक' या व्यापारी नावाने परिचित आहे. 'ईस्टमन कोडॅक' या अमेरिकी कंपनीत हॅरी कूव्हर यांच्या संशोधनातून ते पुढे आले व १९५८ साली विक्रीस आले.

हे द्रव्य वाळून घट्ट होते, हा समज चुकीचा आहे. हवेतील वा पृष्ठभागावरील आर्द्रतेमुळे त्याचे बहुवारिकीकरण होते, म्हणजेच त्याचे रेणू जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात. त्यामुळे पुण्यासारख्या शहरात जून ते सप्टेंबर या दमट महिन्यांत उघडलेली नळी लवकर निकामी होते.

वापरानंतर नळी उभी धरून हलकेच आपटावी, म्हणजे तोंडातील द्रव खाली उतरतो. नंतर टोपण घट्ट लावून ती सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डबीत उभी ठेवावी. न उघडलेली नळी शीतकपाटात अधिक काळ टिकते. मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानास येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड नळीत हवेतील बाष्प साचून द्रव्य आतच गोठते.

सांडलेले द्रव्य कापसाने वा सुती कापडाने टिपू नये. त्यांच्या संपर्कात ही क्रिया अतिशय वेगाने होते व निर्माण होणाऱ्या उष्णतेने त्वचा भाजू शकते.