‘कडा’ या शब्दात अक्षरं किती? पायथनच्या परिषदेत मिळालेली तीन उत्तरं

मागच्या सुट्टीत कड्याला गेलो होतो. शेजारचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने विचारलं, ‘‘दादा, पायथनची सगळी भाषणं यूट्यूबवर फुकट आहेत. मग तिकीट काढून, पुण्या-बंगळुरूला मुक्काम करून परिषदेला कशाला जायचं?’’

प्रश्न रास्त आहे. नगरमार्गे पुण्याला जाऊन-येऊन एसटीचं भाडं, तिथलं राहणं-खाणं, वर परिषदेचं तिकीट. हे पैसे घरी मागायचे असतात, आणि कशासाठी ते सांगायचंही असतं. ‘भाषेच्या संमेलनाला चाललोय’ म्हटल्यावर आमच्या घरी आधी साहित्य संमेलनच वाटलं होतं.

ती होती फेब्रुवारी २०१७ मधली ‘पायकॉन पुणे’. दोन दिवस भाषणं, दोन दिवस प्रत्यक्ष काम.

नेमकं काय असतं तिथं?

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा गिडो व्हॅन रोसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांसाठी खुली केली. (नाव अजगरावरून नाही, ‘मॉन्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी कार्यक्रमावरून आहे.) ती कुठल्या कंपनीच्या मालकीची नाही. बदल हवा असेल तर कुणीही रीतसर प्रस्ताव मांडू शकतो, त्यावर उघड चर्चा होते. शेवटचा शब्द २०१८ पर्यंत गिडो यांचा होता, आता निवडून आलेल्या पाच जणांच्या समितीचा असतो. अशी भाषा चालवणारे लोक एरवी ईमेलवरच भेटतात. ते समोरासमोर बसतात ती जागा म्हणजे पायकॉन. भारतातली पहिली २००९ मध्ये बंगळुरूला झाली, २०११ ची पुण्यात. रुबी आणि गो या भाषांच्या परिषदाही पुण्यात झाल्या आहेत.

भाषणांचं म्हणाल तर निम्मी माझ्या डोक्यावरून गेली. बेळगावचे भौतिकशास्त्राचे शिक्षक प्रवीण पाटील यांचं लक्षात राहिलं, कारण प्रयोगशाळेतले प्रयोग पायथनने कसे करता येतात हे बघून आमच्या कॉलेजची लॅब आठवली आणि वाईट वाटलं.

नऊ, तीन की दोन?

एका भाषणात लक्ष लागेना. मागच्या रांगेत बसून चाळा म्हणून लॅपटॉपवर गावाचं नाव टाइप केलं आणि पायथनच्या ‘लेन’ या फंक्शनला त्याची लांबी विचारली. उत्तर आलं ९. दोन अक्षरी गाव आणि नऊ?

शेजारच्या मुलीने तिच्या लॅपटॉपवर तेच करून बघितलं. तिच्याकडे ३ आले.

फरक आवृत्तीचा होता. माझ्याकडे पायथन २.७, तिच्याकडे पायथन ३. कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. यूटीएफ-८ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘कडा’मध्ये चिन्हं तीन : क, ड आणि काना. जुनं पायथन बाइट मोजत होतं म्हणून नऊ. डिसेंबर २००८ मध्ये आलेलं पायथन ३ चिन्हं मोजतं म्हणून तीन. पण दोन काही येईनात, कारण काना वेगळा मोजला जातो. शब्द उलटा करायला सांगितलं तर काना सगळ्यात पुढे येतो, ठिपक्यांच्या गोलावर लोंबकळत.

हे फक्त प्रोग्रामरचं दुखणं नाही. साधा इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो, मराठी ७० चिन्हांचा. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळी वेगळी मोजली जाते. म्हणून मराठी निरोप दोन मेसेजचा होतो. ऑनलाइन अर्जात मराठी नाव मध्येच तुटतं, तेव्हाही बहुतेक वेळा कुणीतरी बाइट आणि अक्षर यांत गल्लत केलेली असते.

भाषण संपल्यावर हे विचारायला माइकच्या रांगेत उभा राहिलो. पुढचे सगळे फाडफाड इंग्रजीत बोलत होते. माझा नंबर यायच्या आत मी रांग सोडली.

उत्तर चहाच्या रांगेत मिळालं. पुण्यातल्याच एका कंपनीत काम करणाऱ्या माणसाने मराठीत विचारलं, ‘‘माइकपासून परत का फिरलास?’’ आणि कागदी कप खिडकीत ठेवून पाच मिनिटं समजावलं. डोळ्याला एक दिसणारं अक्षर मोजायचं तर युनिकोडचे वेगळे नियम आहेत. ‘रेजेक्स’ नावाची लायब्ररी वेगळी टाकून घेतली की ते वापरता येतात. ‘कडा’ दोन आलं! पण त्याने लगेच ‘कड्या’ टाकायला लावलं. तीन. त्या वेळच्या नियमांत ‘ड्’ आणि ‘या’ वेगळे धरले जात होते. देवनागरीतली अशी जोडाक्षरं अखंड मोजण्याचा नियम युनिकोडमध्ये सप्टेंबर २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला.

व्हिडिओत हे सापडलं असतं का? सापडलं असतं, पण शोधायचं काय हेच मला माहीत नव्हतं.

शेवटचे दोन दिवस ‘स्प्रिंट’चे. गटागटाने बसून खुल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका दुरुस्त करायच्या. पायथनचा स्वतःचा कोड १० फेब्रुवारी २०१७ ला, म्हणजे जेमतेम आठवडाभर आधी, गिटहबवर आला होता. दुरुस्ती पाठवण्याची नवी पद्धत जाणकारांनाही सवयीची नव्हती, त्यामुळे आम्हा नवख्यांना फारसं कमीपणाचं वाटलं नाही. माझं काम किरकोळ होतं. एका छोट्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकातलं चुकलेलं उदाहरण नीट केलं. पहिल्यांदा परत आलं, दुसऱ्यांदा स्वीकारलं गेलं.

मग जावं का?

नोकरी मिळेल म्हणून जाऊ नका. कंपन्यांच्या स्टॉलवर टी-शर्ट आणि स्टिकर मिळतात, बायोडेटाही घेतात, पण त्या भरवशावर घरचे पैसे खर्चण्यासारखे नाहीत. स्प्रिंट असेल आणि तुम्ही थांबणार असाल तर मात्र जा. पायकॉन इंडिया स्वयंसेवक चालवतात. तिथं विद्यार्थ्यांसाठी कमी दराचं तिकीट असतं आणि प्रवास-मुक्कामाच्या आर्थिक मदतीसाठी अर्जही करता येतो. वेबसाइटवर मुदत बघून तो आधीच भरायचा. आमच्याकडची मुलं तो भरतच नाहीत, ‘आपल्याला कोण देणार’ म्हणून.

शेजारच्या मुलाला हे सगळं सांगितलं नाही. त्याच्या फोनवर पायथन ३ उघडून ‘कड्या’ची लांबी विचारायला लावली. पाच आले. तो बोटांवर मोजत म्हणाला, ‘‘क, ड, य, काना... पाचवं कुठलं?’’

पाय मोडला की दिसत नाही, पण मोजला जातो, एवढंच सांगितलं. अर्जाची लिंक रात्री पाठवली.